खडखड टाय रॉडची की दुसऱ्याच कशाची? आणि एंड घरी बदलायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला इंदिरानगरात राहणाऱ्या एका गृहस्थांची २०१४ ची स्विफ्ट, किलोमीटर लाखाच्या घरात. खड्ड्यातून जाताना पुढून डाव्या बाजूने खडखड येते, हायवेला स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी जरा भटकते आणि डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड घासली आहे. एका गॅरेजने अख्खा स्टिअरिंग रॅक बदलायला सांगितला. दुसऱ्याने अलाइनमेंट करून दिली, महिन्याभरात पुन्हा तेच. ते स्वतः अंबडला मशीन शॉपमध्ये आहेत, हत्यारांची सवय आहे. टाय रॉड घरच्या घरी बदलता येतील का, असं विचारतात.

येतील. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंग रॅकपासून (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारी दातेरी दांडी) चाकापर्यंत जाणारा दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना गोळी-खोबणीचे जॉइंट असतात, चाकाकडचा तो बाहेरचा एंड, रॅककडचा तो आतला. बाहेरचा एंड तर नक्कीच. आतल्यासाठी थोडा विचार करा, त्याबद्दल पुढे सांगतो. पण या कामात पाना फिरवणं हा सोपा भाग आहे. ढिलाई नेमकी कुठल्या जॉइंटात आहे हे आधी हाताला कळलं पाहिजे, आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी झाली पाहिजे. तुमच्या बाबतीत दोन्ही उलटं झालंय. एकाने न तपासता रॅकवर बोट ठेवलं. दुसऱ्याने ढिल्या जॉइंटवर अलाइनमेंट केली. गाडी मशीनवर उभी असते तेव्हा चाकं एका जागी स्थिर असतात, आकडे हिरवे दिसतात. रस्त्यावर आल्यावर ब्रेक दाबला, खड्डा आला, की झिजलेल्या जॉइंटात जेवढी मोकळी जागा आहे तेवढं चाक आपल्या मर्जीने हलतं. मग त्या हिरव्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

आता तपासणी. खडखड आली की सगळे टाय रॉडचं नाव घेतात, पण खराब रस्त्यावरच्या खडखडीत माझा पहिला संशय स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडवर असतो. त्यानंतर लोअर आर्मचा बुश आणि बॉल जॉइंट, मग शॉकअपचं वरचं माउंटिंग. टाय रॉडचा आवाज जास्त करून स्टिअरिंग थोडं इकडेतिकडे करताना 'टक' असा येतो आणि हातालाही जाणवतो. हायवेला ऐंशीच्या आसपास स्टिअरिंग थरथरत असेल, तर ते बहुतेक वेळा बॅलन्सिंगचं दुखणं. टाय रॉड ढिला असेल तर ती थरथर वाढते, पण मूळ तिथे नसतं. तुम्ही थरथर लिहिलेली नाही, भटकणं लिहिलंय, त्यामुळे टाय रॉडचा संशय रास्त आहे.

गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडाचे ठोकळे लावा. पुढची बाजू उचलून घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर, ठेवा. गाडीसोबत येणारा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. आता चाक डावी-उजवीकडून, म्हणजे घड्याळात नऊ आणि तीन असतात तिथे धरा आणि एका हाताने ढकला, दुसऱ्याने ओढा. 'टक टक' लागलं तर टाय रॉडचा बाहेरचा किंवा आतला जॉइंट. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. तिथेही हलत असेल तर लोअर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. एखाद्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवून बघा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर बेअरिंगकडे वळा.

याहून पक्की तपासणी चाकं जमिनीवर असताना होते. किल्ली लावून स्टिअरिंगचं लॉक सोडा, इंजिन बंदच ठेवा. घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंग इंच-दीड इंच डावी-उजवीकडे झटकत राहायला सांगा. तुम्ही वाकून बाहेरच्या एंडवर बोटं ठेवा, अशी की अर्धं बोट एंडच्या खोबणीवर आणि अर्धं नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो वळणारा भाग) कानावर. दोन्ही एकत्र हलले तर जॉइंट चांगला. खोबण आधी हलली आणि कान मागून आला, तर एंड गेला. डोळ्यांना दिसणार नाही इतका फरकही बोटांना कळतो. मग रॅकच्या रबरी बूटवरून आतला जॉइंट चिमटीत धरा आणि तसंच करून बघा. बूट मऊ असतं, आतली गोळी बाहेरूनच जाणवते. बूट पिळल्यावर आत तेल सळसळलं, तर हायड्रॉलिक रॅकचं सील गेलेलं असतं. पण तुमच्या गाडीत इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे, त्यामुळे ती चिंता नाही. तिथे आत पाणी किंवा गंज निघाला तर मात्र आतल्या जॉइंटचं आयुष्य संपत आलंय असं समजा.

दोन्ही जॉइंट घट्ट निघाले आणि तरी 'टक' येत असेल, तर आवाज स्टिअरिंग कॉलमच्या खालच्या युनिव्हर्सल जॉइंटातून येतोय का ते पायाजवळ कान लावून ऐका. एवढं सगळं बघून मगच रॅकचं नाव काढायचं. रॅक हा महागाचा भाग आहे, आणि छोट्या गाडीचा बाहेरचा एंड काही शे रुपयांत येतो. न तपासता रॅक बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

हे जॉइंट मरतात कशाने, तर बहुतेक वेळा नुसत्या खड्ड्यांनी नाही. गोळीवरचं छोटं रबर बूट फाटतं, ग्रीस बाहेर येतं, त्या जागी चिखल-पाणी जातं, आणि मग पॉलिश केलेली गोळी काही महिन्यांत खरवडून निघते. त्र्यंबक, इगतपुरीकडे पावसाळ्यात नेहमी जाणाऱ्या, किंवा दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत हे हमखास दिसतं. त्यात पुन्हा धुलाई केंद्रावरचा पोरगा प्रेशरचा पाइप बरोबर त्या बूटवर धरतो. खालून गाडी धुवा, पण जॉइंटवर जवळून धार मारू देऊ नका. डाव्या बाजूचा एंड आधी जातो असं माझं निरीक्षण आहे, कारण आपण डावीकडून चालतो आणि रस्त्याची तुटलेली कड डाव्या चाकाच्या वाट्याला येते.

पार्ट घेताना द्वारका-मुंबई नाक्याच्या भागात स्पेअर पार्टची दुकानं आहेत, तिथे गाडीचं वर्ष, व्हेरियंट आणि डावा की उजवा हे सांगून घ्या. जमलं तर चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. कंपनीचा किंवा नावाजलेल्या उत्पादकाचा घ्या. सगळ्यात स्वस्त खोक्यातला एंड घेऊ नका, एवढ्याशा वस्तूवर गाडीचं चाक लटकलेलं असतं. नवा एंड हातात धरून स्टड फिरवून बघा. तो घट्ट पण सलग फिरला पाहिजे. खळकन इकडून तिकडे पडणारा परत करा. नट आणि स्प्लिट पिन सोबत आहेत ना, तेही बघा.

आता काम. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मग गाडी उचला, घोडीवर ठेवा, चाक काढा आणि ते चाक गाडीच्या कडेच्या पत्र्याखाली सरकवून ठेवा, घोडी सरकलीच तर गाडी त्यावर टेकेल. स्टिअरिंग अशा बाजूला वळवा की एंड समोर येईल. वायर ब्रशने रॉडचे आटे आणि चेकनट (एंडला रॉडवर पक्का धरणारा नट) साफ करा आणि गंज सोडवणारा स्प्रे मारा. गाडी लाखाच्या घरात आहे, म्हणजे चेकनट जाम असणार हे धरून चाला. आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवलात तर सकाळचं अर्धं भांडण वाचेल.

काहीही खोलण्याआधी मापं घ्या. पहिलं, चेकनटच्या कडेपासून एंडच्या स्टडच्या मध्यापर्यंतचं अंतर व्हर्निअरने मोजून लिहून ठेवा. दुसरं, चेकनट आणि रॉड दोघांवर मिळून पांढऱ्या पेंटची एक रेघ मारा. आता रॉडला जिथे चपट्या बाजू असतात तिथे एक फिक्स पाना लावून रॉड धरून ठेवा आणि दुसऱ्या पान्याने चेकनट सोडवा. पाव फेरा पुरे, जास्त फिरवू नका. रॉड न धरता चेकनटला जोर लावलात, तर सगळा पीळ आतल्या गोळीवर आणि बूटवर जातो. बूट मुरडलं की फाटतं, आणि एक काम करायला गेलात की दुसरं निघतं.

मग स्प्लिट पिन सरळ करून काढा, कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला नट) सोडवा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आट्यांवर ठेवा, म्हणजे एंड सुटला की झटक्याने खाली पडणार नाही. पिन तुटून आत अडकली तर बारीक पंचाने हळूच ठोका.

पुढचा टप्पा तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. स्टडला टेपर असतो, म्हणजे तो निमुळता असतो, आणि तो नकलच्या टेपर भोकात बसलेला असतो, अगदी ड्रिलच्या शँकचा मोर्स टेपर स्लीव्हमध्ये धरतो तसाच. नट फक्त त्याला आत ओढून ठेवतो, खरी पकड टेपरची. त्यामुळे नट सोडला तरी एंड हलत नाही, आणि नवखा माणूस इथेच स्टडच्या टोकावर हातोडा मारायला लागतो. तसं केलं की आटे फुलतात, स्टड वाकतो, नट परत निघत नाही. पुलर (जॉइंट दाबून सोडवणारं हत्यार) असेल तर तो लावा, घट्ट करा, आणि मग नकलच्या कानाला बाजूने एक हातोडा द्या. खाडकन सुटतो. पुलर नसेल तर कानाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने दुसरा मारा. दोनच ठोके द्या, पण खणखणीत. काही गॅरेजात फाळासारखा चिमटा घुसवून ठोकतात. जुना एंड फेकायचाच असेल तर चालेल, पण लोअर आर्म काढायला एंड फक्त बाजूला करायचा असेल तर त्या चिमट्याने चांगलं बूट फाटतं.

नट काढा आणि एंड रॉडवरून फिरवून काढताना फेरे मोजा. अर्धा फेराही लिहून ठेवा. बऱ्याच जणांना वाटतं, एक फेरा इकडेतिकडे झाला तर काय बिघडतंय? रॉडच्या आट्यांचा पिच सव्वा-दीड मिलिमीटर असतो, नकलचा हात साधारण सव्वाशे मिलिमीटर लांब. म्हणजे एक पूर्ण फेरा चुकला की त्या चाकाचा टो, म्हणजे चाक पुढून आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन, अर्ध्या अंशाहून जास्त बदलतो. गाडी चालताना तो दोन्ही चाकांत वाटला जातो. प्रत्येक चाकाच्या वाट्याला पाव अंश आला असं धरलं, तरी ते चाक दर किलोमीटरला चार मीटरपेक्षा जास्त आडवं घासतं. नाशिकहून मुंबईला पोचेपर्यंत टायरचं सातशे मीटर आडवं घासणं झालं. तुमच्या टायरची बाहेरची कड जी खाल्ली गेली आहे, ती अशी.

नवा एंड तेवढेच फेरे चढवा. नंतर व्हर्निअरने ते अंतर पुन्हा मोजा. फेऱ्यांपेक्षा मापावर विश्वास ठेवा, कारण नव्या एंडची बनावट जुन्याहून एखादा मिलिमीटर वेगळी असू शकते. नकलचं टेपर भोक कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा. तिथे ग्रीस किंवा तेल लावायचं नाही, टेपर कोरडाच बसला पाहिजे. भोकावर चकाकणारे पट्टे किंवा लंबगोल झीज दिसली तर थांबा. जुना एंड ढिला असताना बरेच दिवस चाललेला आहे, आणि मग नकलच बदलावा लागतो. स्टड बसवून नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक कॅसल नटच्या खाचांच्या फार वर निघून गेलं, तर टेपर जास्त खोल बसलाय. एकतर भोक झिजलंय किंवा पार्ट दुसऱ्याच गाडीचा आहे.

नट आवळताना स्टड आतल्या आत फिरत राहतो, हा नेहमीचा वैताग. एंडखाली छोटा जॅक किंवा लाकूड लावून वर दाब द्या, टेपर धरला की फिरणं थांबतं. टॉर्क तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. छोट्या गाड्यांत या नटचा आकडा बहुधा ३५ ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. टॉर्क झाल्यावर पिनचं भोक आणि खाच जुळली नाही, तर नट थोडा पुढे आवळून जुळवा. मागे सोडून कधीच जुळवायचं नाही. पिन नवीनच वापरा. काही गाड्यांत कॅसल नटऐवजी नायलॉनवाला नट येतो, तो एकदा काढला की परत वापरायचा नाही. सातपूर-अंबडला ज्यांची हयात गेली त्यांना टॉर्क रेंच काय हे सांगायला नको, पण घरी गाडीखाली गेल्यावर तेच लोक 'हाताच्या अंदाजाने' आवळतात हे मी पाहिलंय.

आता आतला, ज्याला दुकानात रॅक एंड म्हणतात. ढिलाई तिथे निघाली तर एंड काढल्यावर चेकनट काढा, बूटच्या दोन्ही क्लिपा सोडा आणि बूट रॉडवरून ओढून काढा. आत गोळीचं मोठं हाउसिंग थेट रॅकच्या टोकाला आट्यांनी बसवलेलं असतं. ते सोडवायला नळीसारखा खास पाना लागतो. पाइप पान्याने चावत बसू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रॅक धरून ठेवायचा, नाहीतर सगळा जोर पिनियनच्या दातांवर जातो. पण धरताना रॅकचा चकचकीत भाग पकडीत घ्यायचा नाही, तिथला एक ओरखडा पुढे बुश आणि सील खातो. दातांच्या बाजूला ठरलेली जागा असते, तिथेच धरायचं. बऱ्याच गाड्यांत लॉक वॉशर असतो, त्याची दुमडलेली कड पंचाने सरळ करून तो काढावा लागतो आणि नवा बसवून त्याची कड पुन्हा दुमडावी लागते. म्हणून म्हणतो, हे काम पहिल्यांदा करत असाल तर गॅरेजात करा, आणि उभं राहून बघा. बूट मात्र नवं टाका. जुनं बूट वाचवून शंभर-दोनशे रुपये वाचतात आणि पुढच्या पावसाळ्यात तोच रॅक एंड परत जातो.

दोन्ही बाजू एकदम बदलाव्यात का? मला तसा हट्ट पटत नाही. उजवीकडचा जॉइंट घट्ट असेल आणि बूट अखंड असेल तर राहू द्या. पण बूटला चीर दिसली किंवा बोटांना किंचितही 'टक' लागली, तर आत्ताच बदला. अलाइनमेंटचे पैसे तेच, दोनदा कशाला द्यायचे?

एंड बसला, चेकनट हाताने टेकवला. आता चाक लावून गाडी खाली घ्या, चाकाचे नट आडव्या क्रमाने आवळा. छोट्या गाड्यांना बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात. मग पुढच्या दोन्ही टायरच्या मधल्या खोबणीत टेप धरून पुढून आणि मागून अंतर मोजा. दोन्ही मापांत एखाद-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. रॅक चाकाच्या मध्यरेषेच्या मागे असेल तर रॉड लांब केल्याने चाकं पुढून आत वळतात, आखूड केल्याने बाहेर. ते साधारण जुळवा, चेकनट आवळा, आणि हळू चालवत सरळ अलाइनमेंटला जा. मध्ये वणीच्या गडावर दर्शन करून येऊ म्हणाल तर नको.

अलाइनमेंटला जाण्याआधी चारही टायरची हवा बरोबर करून घ्या. तिथे उभे राहा आणि तीन गोष्टी बघा. स्टिअरिंग मधोमध करून क्लॅम्प लावला का. टो दोन्ही रॉडवर वाटून घेतला का, एकाच बाजूने सगळा ओढला तर गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडं राहतं. आणि रॉड फिरवण्याआधी बूटची बाहेरची क्लिप सैल केली का. घाईत ती तशीच ठेवून रॉड फिरवतात, बूटला पीळ बसतो आणि नवं बूट तिथेच चिरतं. काम झाल्यावर बूटच्या घड्या सरळ गोल दिसल्या पाहिजेत, तिरक्या नाही. शेवटी चेकनट तुमच्यासमोर आवळून घ्या आणि आधीचे-नंतरचे आकडे असलेला कागद मागा. ईएसपी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणावा लागतो, तेही विचारा.

तोपर्यंत एक सांगतो. जॉइंटात हाताला स्पष्ट ढिलाई लागत असेल आणि बूट फाटलेलं असेल, तर कसारा घाट उतरू नका. गोळी खोबणीतून निघाली की ते चाक स्टिअरिंगचं ऐकणं सोडतं, आणि घाटातल्या वळणावर त्यानंतर करण्यासारखं काही उरत नाही. गावातल्या गावात, हळू, गॅरेजपर्यंत, एवढंच.

काम झाल्यावर चेकनटवर आणि रॉडवर मिळून पेंटची नवी रेघ मारून ठेवा. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर चाक वळवून नुसतं डोकावा. रेघ सरळ असेल, पिनचे दोन्ही पाय वाकलेले असतील, तर झालं. कड खाल्लेला टायर मात्र अलाइनमेंटने बरा होत नाही. त्यावर हात फिरवल्यावर एका दिशेला करवतीसारखं लागत असेल तर तो थोडा काळ गुणगुणत राहील, गाडी किंचित ओढतही राहील, आणि तुम्हाला वाटेल काम फसलं. तार दिसत नसेल आणि नक्षी पुरेशी शिल्लक असेल तर तो मागे टाका, मागचा चांगला पुढे आणा, बॅलन्सिंग करून घ्या, आणि मग गाडी कशी चालते ते ठरवा.